टिकली चिचुंद्रीचं घुंगरू

खाली पिठाची गिरणी. वर जायला लाकडी जिना. आणि जिना चढलं की एक दुकान. एवढंस्सं!

या दुकानात जुन्या चांदीचे नवे दागिने करतात. ठाक ठाक, ठुक ठुक, दिवसभर नुसतं ठाक ठुक.

आणि तिथे टेबलाखाली कोण बसलंय?

चिचुंद्री! हो, तीच. लांब नाकाची. जरा वास येतो तिला. येऊ दे, आपण नाक धरू.

चिचुंद्रीला पाच पिल्लं. बाहेर पडली की त्यांची रांग. आई सगळ्यांत पुढे. आईची शेपूट पहिल्याच्या तोंडात. पहिल्याची शेपूट दुसऱ्याच्या तोंडात. दुसऱ्याची तिसऱ्याच्या. तिसऱ्याची चौथ्याच्या. आणि चौथ्याची शेपूट टिकलीच्या तोंडात.

टिकली सगळ्यांत शेवटी. टिकली सगळ्यांत धाकटी.

चिचुंद्रीला दिसतं कमी. पण ऐकू येतं, बापरे, केवढं! म्हणून आईने टिकलीच्या शेपटीला एक चांदीचं घुंगरू बांधलं होतं. छुन छुन वाजलं की आईला कळायचं, आली, माझी टिकली आली.

नाही वाजलं की आई थांबायची. मान मागे वळवायची. "टिकले, आहेस ना गं?"

एकदा काय झालं, भर दुपार. कौलं तापलेली. सगळी चिचुंदरं गिरणीत फिरून, किडे खाऊन परत निघाली. पोटं टम्म. डोळे अर्धे मिटलेले. पाय ओढत ओढत चालली होती बिचारी.

आणि झाडू आला!

झर्र झर्र झर्र! सगळे टेबलाखाली पळाले. टिकलीच्या शेपटीचा दोरा तुटला. घुंगरू गेलं केरात.

आता हा केर काय साधासुधा नाही हं. चांदीच्या दुकानातला केर कुणी टाकतच नाही. दुकान होतं शलाकाताईचं. तिने केर चाळणीत घेतला. खळ खळ चाळला. धूळ गेली खाली. चमचम राहिली वर.

"अरे वा, मोड!" ताई म्हणाली.

मोड म्हणजे मोडकी-तोडकी चांदी. ताईने घेतली कात्री. कच्च! घुंगराचे दोन तुकडे. तुकडे डब्यात. टण्. टण्.

टेबलाखाली आई म्हणाली, "टिकले, वाज गं."

टिकली हलली. वाजेचना.

"टिकले, कुठायस?"

"इथ्थेच आहे."

"मग छुन का नाही?"

"घुंगरू गेलं, आई."

आई मटकन खाली बसली. बीळ होतं कपाटामागे. कपाट होतं पार तिकडे. मध्ये माणसांचे पाय, खुर्च्यांचे पाय, पायच पाय.

"मागे वळून वळून मान दुखली गं माझी," आई म्हणाली. "कोण आलं, कोण राहिलं, मला कळणार कसं? घुंगरू वाजल्याशिवाय मी पाऊल टाकत नाही."

"झोप आली! घरी चल!" चार पिल्लं कुईकुई करायला लागली.

"थांबा," टिकली म्हणाली. "मी आणते माझं घुंगरू."

"भिंतीभिंतीने जा," आई म्हणाली. "मधून जाऊ नकोस."

टिकली निघाली. तुरूतुरू, तुरूतुरू, भिंतीभिंतीने. आली शलाकाताईकडे.

"ताई ताई, घुंगरू घडव.
आई पाऊल टाकत नाही!"

"अय्या, चिचुंद्री!" ताईने नाक धरलं. "ते घुंगरू तुझं होतं? अगं, मला वाटलं मोड!"

"तूच तर मोडलंस."

"हो गं बाई, चुकलं माझं. सकाळपासून बसून पाठ धरलीय, डोळ्यांना काही दिसत नाही." ताईने जांभई दिली. "पण आता ते तुकडे चिकटवून वाजणार नाहीत. नवीनच घडवायला लागेल. आणि पत्रा कुठाय? पत्रा नाही, तर घुंगरू नाही. जा, रोलरकडे जा."

टिकली निघाली. तुरूतुरू, तुरूतुरू, भिंतीभिंतीने. आली रोलरकडे.

रोलर म्हणजे काय माहितीये? लोखंडाची दोन जाडजूड लाटणी. एक खाली, एक वर. आणि बाजूला दांडा. आपण कणकेची पोळी लाटतो ना? हा चांदीची लाटतो!

"रोलरदादा, पत्रा लाट.
ताई घुंगरू घडवत नाही,
आई पाऊल टाकत नाही!"

"कर्र," रोलर म्हणाला. "सकाळपासून लाटतोय. अंग कसं जड झालंय. आणि लाटू काय, हवा? कांब कुठाय? चांदीची जाड कांब? कांब नाही, तर पत्रा नाही. जा, साच्याकडे जा."

टिकली निघाली. तुरूतुरू, तुरूतुरू, भिंतीभिंतीने. आली साच्याकडे.

साचा लोखंडी. मध्ये लांब खाच. खाच कसली, ते त्याचं तोंड. आणि त्या तोंडाने तो नुसत्या जांभया देत होता.

"साचेभाऊ, कांब दे.
रोलर पत्रा लाटत नाही,
ताई घुंगरू घडवत नाही,
आई पाऊल टाकत नाही!"

"आऽऽ," साचा म्हणाला. "कांब काय झाडाला लागते? माझ्या तोंडात चांदीचा रस ओतला की तिची कांब होते. रस कुठाय? रस नाही, तर कांब नाही. जा, मुशीकडे जा. आऽऽ."

टिकलीला पण जांभई आली. काय करणार, जांभई लागतेच. तुला आली का?

टिकली निघाली. तुरूतुरू, तुरूतुरू, भिंतीभिंतीने. आली मुशीकडे.

मूस म्हणजे मातीची जाड वाटी. भाजून भाजून काळी झालेली.

"मूसमावशी, रस दे.
साचा कांब देत नाही,
रोलर पत्रा लाटत नाही,
ताई घुंगरू घडवत नाही,
आई पाऊल टाकत नाही!"

"ये गं, बघ माझ्या पोटात," मूस म्हणाली. "शलाकाने आत्ताच सगळी मोड आणून टाकलीय. हे तुटकं जोडवं. ही पैंजणाची कडी. आणि हे तुझं घुंगरू."

"माझं!" टिकलीने नाक आत घातलं. दोन चपटे तुकडे. मुके मुके.

"पण वितळणार कसे? मी आपली गार पडलेय," मूस म्हणाली. "आग कुठाय? आग नाही, तर रस नाही. जा, ज्योतीकडे जा."

टिकली निघाली. तुरूतुरू, तुरूतुरू, भिंतीभिंतीने. आली ज्योतीकडे.

ज्योत एवढीशी. पिवळी. नळीच्या टोकावर बसून डुलक्या काढत होती.

"ज्योतबाई, भडक.
मूस रस देत नाही,
साचा कांब देत नाही,
रोलर पत्रा लाटत नाही,
ताई घुंगरू घडवत नाही,
आई पाऊल टाकत नाही!"

"हळू बोल गं," ज्योत म्हणाली. "जोरात बोललीस तर विझेन मी. मी काय अशीच भडकते? वारा कुठाय? वारा नाही, तर भडका नाही. जा, भात्याकडे जा."

टिकली निघाली. तुरूतुरू... तुरूतुरू... भिंतीभिंतीने. जरा हळूच. पाय दुखायला लागले होते ना! आली भात्याकडे.

भाता म्हणजे रबरी पिशवी. पायाने दाबायची. दाबली की वारा. आता मात्र ती जमिनीवर चपटी होऊन पडलेली.

"भातेराव, वारा घाला.
ज्योत भडकत नाही,
मूस रस देत नाही,
साचा कांब देत नाही,
रोलर पत्रा लाटत नाही,
ताई घुंगरू घडवत नाही,
आई पाऊल टाकत नाही!"

"फुस्स," भाता म्हणाला. "फुस्स... मला दाबणारा पाय कुठाय? पाय नाही, तर वारा नाही. जा, गजाकाकांकडे जा. फुस्स."

टिकली निघाली. तुरू... तुरू... थांबली. पुन्हा तुरू... तुरू... भिंतीभिंतीने. आली गजाकाकांकडे.

गजाकाका दुकानातले सगळ्यांत जुने कारागीर. चटईवर आडवे पडलेले. मिश्या घामाने ओल्या. दोन्ही पाय खोक्यावर. घुर्रर्र. घुर्रर्र.

टिकलीने त्यांच्या अंगठ्याला नाक लावलं.

"काका काका, पाय हलवा.
भाता वारा घालत नाही,
ज्योत भडकत नाही,
मूस रस देत नाही,
साचा कांब देत नाही,
रोलर पत्रा लाटत नाही,
ताई घुंगरू घडवत नाही,
आई पाऊल टाकत नाही!"

काकांनी एक डोळा उघडला. "केवढी मोठी यादी गं! तू केवढीशी, यादी केवढी!"

"पाय हलवा ना, काका."

"कसा हलवू, बाळ? सकाळपासून भाता मारतोय. पोटऱ्या भरून आल्यात. कुणी पाय तुडवून दिले असते ना, तर मजा होती. आमची पोरं लहानपणी तुडवायची. आता ती झाली ढोलासारखी! आता तुडवतील तर पाय मोडूनच ठेवतील."

"मी तुडवते!" टिकली चढली पायावर. इकडे गेली. तिकडे गेली.

"चढलीस का?" काकांनी विचारलं.

"कधीच!"

"कळलंच नाही बघ. कापूस पडल्यासारखं वाटलं. एकटीचं काम नाही हे. खूप पाय आण. खूप पाय नाहीत, तर माझा पाय हलत नाही."

आणि काकांनी डोळा मिटला. घुर्रर्र.

आता कोण उरलं? टिकली बसली भिंतीशी. नाक खाली. आता जायचं कुणाकडे? खूप पाय कुणाकडे असतात?

मग ती उठली. तुरू... तुरू... भिंतीभिंतीने. आली परत टेबलाखाली.

"आई आई, चल ना.
काका पाय हलवत नाहीत,
भाता वारा घालत नाही,
ज्योत भडकत नाही,
मूस रस देत नाही,
साचा कांब देत नाही,
रोलर पत्रा लाटत नाही,
ताई घुंगरू घडवत नाही,
आई पाऊल टाकत नाही!"

"बाई बाई बाई," आई म्हणाली. "इतकी माणसं अडकलीत? आणि ती शेवटची आई कोण गं? एवढी हट्टी?"

"तूच की!"

चार पिल्लं फिस्सकन हसली.

"अगं, पण मी येऊ कशी?" आई म्हणाली. "घुंगरू नाही, तर छुन कोण करणार?"

"मी करते. तोंडाने! छुन छुन!"

"कर बघू."

टिकलीने चौथ्याची शेपूट तोंडात धरली. म्हणाली, "उन उन." शेपूट सोडली. म्हणाली, "छुन छुन." शेपूट धरली की छुन होईना. छुन केलं की शेपूट सुटली! आता?

"मग आज मी पुढे!" टिकली म्हणाली. "मला वाट पाठ झालीय. पुढच्याचं तोंड रिकामं असतं. आई, तू मागे. तुझ्या तोंडात शेवटची शेपूट. म्हणजे कुणी सुटणारच नाही!"

आईने खूप विचार केला. मग म्हणाली, "एवढ्या एकाच वेळी हं. मांजर आली तर तुझ्या नाकाला कळणार नाही अजून."

निघाली रांग. उलटी! पुढे टिकली. मागे चार पिल्लं. शेवटी आई.

छुन छुन. तुरूतुरू. छुन छुन. तुरूतुरू. भिंतीभिंतीने.

पण टिकलीचा घसा तो केवढा? साच्यापर्यंत ती म्हणत होती छुन छुन. मुशीपर्यंत म्हणत होती छु... छु... भात्यापाशी नुसतंच छ... छ... आणि काकांच्या पायाशी आली, तेव्हा घसाच बसला. बरं झालं पोचले!

चढले सगळे काकांच्या पायावर. टाचेवरून पोटरीवर. पोटरीवरून गुडघ्यावर. परत खाली. परत वर. चोवीस पाय! तुडतुड, तुडतुड, तुडतुड.

"आहाहा!" काका म्हणाले. "हां, तिथंच, तिथंच! अगं, गुदगुल्या! हाहाहा! पुरे, पुरे, उतरा!"

काका उठून बसले.

काकांनी पाय हलवला. धप धप.
भात्याने वारा घातला. भस्स भस्स.
ज्योत भडकली. सूं सूं सूं, निळी निळी!
मूस लाल झाली. काकांनी चिमूटभर पांढरी पूड टाकली, टाकणखार. तुटकं जोडवं वाकलं. पैंजणाची कडी वाकली. घुंगराचे तुकडे वाकले. सगळे एकमेकांत शिरले. आणि झाला रस! डुगडुग, डुगडुग, चमकणारा.

"ओता लवकर!" शलाकाताई म्हणाली.

"थांब, पोरी. आधी साच्याला तेल लाव, शेकव. गार साच्यात ओतलं तर चांदी थुंकते."

"चांदी थुंकते?" टिकली घोगऱ्या आवाजात म्हणाली. सगळी पिल्लं आईच्या मागे लपली.

साच्याला तेल लागलं. साचा शेकला. मुशीने रस ओतला. चर्रर्र! साच्याने दिली कांब. जाडजूड, गरम गरम.

कांब गेली रोलरमध्ये. ताईने दांडा फिरवला. कर्र कर्र. जाड होती, बारीक झाली. कर्र कर्र. आणखी बारीक. कर्र कर्र. आणखी.

"झालंच आता!" ताई म्हणाली. "एकदाच रोलर जोरात घट्ट करते, की..."

"थांब!" काका ओरडले. "ऐकलंस?"

सगळ्यांनी कान टवकारले. टिक्. बारीकसा आवाज. पत्र्याच्या काठाला केसाएवढी चीर.

"चांदी दमली," काका म्हणाले.

"चांदी पण दमते?" टिकलीने विचारलं.

"मग! लाटून लाटून कडक होते बिचारी. आता लाटलीस तर तडकणार. मग पुन्हा मुशीत, पुन्हा पहिल्यापासून."

टिकलीला ती सगळी यादी आठवली. पुन्हा पहिल्यापासून?

"मग करायचं काय, काका?" ताईने विचारलं.

"काय म्हणजे? चीर कापून टाकायची. चांदी गरम करायची. गार करायची. आणि जरा पडू द्यायची. घाई नाही."

ताईने काठ कापला. काकांनी पत्रा हलकेच तापवला. पाण्यात टाकला, छ्स्स. मग ठेवला लाकडावर.

चांदी पडून राहिली. रोलर थांबला. भाता थांबला. ज्योत छोटी झाली. ताई भिंतीला टेकली. आई पण टेकली. खाली गिरणी तेवढी घरघरत होती.

मग काकांनी पत्रा बोटांनी वाकवला. वाकला! मऊ मऊ.

"हं. झाली ताजी. चल, पोरी."

कर्र कर्र. पुन्हा कर्र कर्र. हळूहळू. रोलरने लाटला पत्रा. पातळ. गुळगुळीत. अगदी चिंचेच्या पानासारखा!

शलाकाताईने दोन गोल कापले. टुक टुक ठोकले. झाल्या दोन इवल्या वाट्या. आत टाकला चांदीचा एक दाणा. वाटीवर वाटी ठेवली. ज्योतीवर जोडली. फुंकर मारली. पाण्यात बुडवली.

आणि घडवलं घुंगरू!

"हे घे तुझं," ताई म्हणाली. "आता दोरा मी बांधते. पक्का, दोन गाठी." आणि नाक न धरता तिने टिकलीची शेपूट हातात घेतली.

टिकलीने शेपूट हलवली.

छुन छुन.

रांग लागली. आई पुढे. आईची शेपूट पहिल्याच्या तोंडात. पहिल्याची शेपूट दुसऱ्याच्या तोंडात. दुसऱ्याची तिसऱ्याच्या. तिसऱ्याची चौथ्याच्या. चौथ्याची शेपूट टिकलीच्या तोंडात.

आईने पाऊल टाकलं.

तुरूतुरू, तुरूतुरू, भिंतीभिंतीने. छुन छुन, छुन छुन. गेली टेबलापासून. गेली खुर्चीपासून. गेली कपाटापर्यंत. आणि आईने एकदाही, एकदासुद्धा मान मागे वळवली नाही.

आई बिळात शिरली. पहिला शिरला. दुसरा शिरला. तिसरा शिरला. चौथा शिरला.

छुन.

टिकली पण शिरली. आले सगळे घरी. आता कुणी हलायचं नाही, कुणी बोलायचं नाही, डोळे मिटायचे.